तोफ बरी की काडेपेटी?

बँकेतल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात. पैसे ठेवू कुठे आणि पैसे घालवू कुठे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर छापील पत्रकात असतं, म्हणून ते कोणी वाचत नाही. दुसऱ्याचं उत्तर बँकेनं कुठेच छापलेलं नाही, म्हणून मंडळी ते माझ्याकडून आवडीनं ऐकतात. फ्रिज एका दाराचा की दोन दारांचा, थोरल्याला कॉमर्सला घालू की सायन्सला, इथपर्यंत माझा अधिकार चालतो. हल्ली कोणाची सहल ठरली किंवा मुदतठेव पिकली की एक नवा प्रश्न येतो. लेन्स बदलता येते तो मोठा कॅमेरा घ्यावा, की डोक्याला बांधतात तो छोटा?

हा प्रश्न पडायचं कारण साधं आहे. मधला कॅमेरा राहिलाच नाही. पूर्वी शर्टाच्या खिशात मावणारा, साबणाच्या वडीएवढा डिजिटल कॅमेरा घरोघर असे. मोबाइलला चांगला डोळा फुटला आणि 2010 नंतरच्या दहा वर्षांत त्यानं ही वडी पार विरघळवून टाकली. आता मोबाइलवर ज्याचं भागत नाही, त्याच्यासाठी दोनच दुकानं उरली. एका दुकानात बॉडी वेगळी, लेन्स वेगळी, पिशवी वेगळी आणि हप्ता वेगळा. दुसऱ्या दुकानात मुठीत मावणारा एक ठोकळा. आमच्या शाखेतल्या शिपायानं या दोघांचं बारसं केव्हाच करून ठेवलं आहे. पहिली तोफ आणि दुसरी काडेपेटी. याहून नेमके शब्द मला सुचले नाहीत, तेव्हा पुढे तेच वापरतो.

या वादात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. आयुष्यभर दोन्ही बाजू जुळवण्याचा पगार खाल्ला. निदान ऑफिस सुटल्यावर तरी एका बाजूला झुकायची मला मुभा असावी. मी तोफेच्या बाजूचा आहे.

काडेपेटीची बाजू मांडायला आमच्या घरात माझा भाचा आहे. त्याचं वकीलपत्र त्याच्याच शब्दांत देतो. "मामा, तुझी तोफ बाहेर काढेपर्यंत मोर उडून जातो. माझा कॅमेरा हेल्मेटला लावला की विसरून जायचं. पाण्यात टाका, चिखलात टाका, काही होत नाही. आणि काय घ्यायचं, काय सोडायचं, याची कटकटच नाही. सगळंच येतं. नंतर कापायचं."

यातला पाण्याचा मुद्दा मी विनातक्रार मान्य करतो. वरून वेगळं कवच न चढवता दहा मीटर खोल पाण्यात जाणारे हे कॅमेरे आहेत. तोफ घेऊन कोणी तारकर्लीच्या समुद्रात बुडी मारणार नाही. मारलीच तर माणूस वर येईल, तोफ येणार नाही. मुळात हे यंत्र जन्मलंच पाण्यापायी. निक वुडमन नावाच्या अमेरिकन तरुणाला फळीवर उभं राहून लाटेवरून घसरण्याचा नाद होता, आणि लाटेवर असतानाच आपले फोटो निघावेत असं त्याला वाटे. त्यानं 2002 साली कंपनी काढली आणि 2004 मध्ये मनगटाला बांधायचा पहिला गोप्रो विकायला आणला. त्यात साधा 35 मिलिमीटरचा रोल घालावा लागे. दोन्ही हात गुंतलेल्या माणसाचा कॅमेरा, ही त्याची मूळ व्याख्या. ती मला पूर्ण पटते. पोहणारा, कड्यावर दोराला लटकलेला, घाटात सायकल मारणारा, यांनी हा कॅमेरा जरूर घ्यावा.

यावर भाचा म्हणतो, "मग मामा, प्रवासात तुझे हात कधी मोकळे असतात? एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, काखेत मामीची शाल."

मुद्दा बिनतोड आहे. पण मी म्हणतो, फोटोसाठी बॅग खाली ठेवावी. बॅग खाली ठेवण्याइतकं जे महत्त्वाचं वाटत नाही, त्याचा फोटो काढायचा कशाला?

आता हिशेबाकडे येऊ. काडेपेटीच्या खोक्यावर सेन्सरचं माप असतं. सेन्सर म्हणजे पूर्वी जिथे फिल्म असायची तिथली चकती. बऱ्याच वर्षांच्या बऱ्याच काडेपेट्यांत हे माप 1/2.3 इंच असे. मी बी.कॉम. माणूस. 25.4 ला 2.3 नं भागलं, 11 मिलिमीटर आले. प्रत्यक्षात त्या चकतीचा कर्ण जेमतेम पावणेआठ मिलिमीटर भरतो. मग उरलेले सव्वातीन मिलिमीटर गेले कुठे? कुठेच गेले नाहीत, ते कधी नव्हतेच. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत काचेची नळी असे आणि त्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून माप सांगायची रीत होती. नळ्या गेल्या, रीत राहिली. म्हणजे डोंबिवलीत फ्लॅट घेताना आपण ज्याला सुपर बिल्ट-अप म्हणतो, तोच हा प्रकार. जिना, लिफ्ट आणि वॉचमनची खुर्ची धरून सातशे चौरस फूट. आत पलंग टाकायला गेलं की दार लागत नाही.

कार्पेट एरिया काढला तर या चकतीचं क्षेत्रफळ साधारण 28 चौरस मिलिमीटर होतं. उलट फुल फ्रेम तोफेची चकती 36 गुणिले 24, म्हणजे 864 चौरस मिलिमीटर. तीसपटीहून जास्त. मध्यमवर्गाला झेपणारी धाकटी तोफ धरली तरी सुमारे 366, म्हणजे तेरापट. नव्या काडेपेट्यांनी आपली चकती थोडी वाढवली आहे, पण वाटीची मोठी वाटी झाली तरी ती वाटीच. पागोळीखाली वाटी ठेवली आणि घंगाळ ठेवलं, तर कशात जास्त पाणी साठेल हे सांगायला शास्त्रज्ञ नको. भर उन्हातल्या समुद्रावर दोन्ही भरतात. पण आपल्या आयुष्यातले बहुतेक महत्त्वाचे प्रसंग भर उन्हात होत नाहीत. बारसं, गोंधळ, साखरपुडा, आजोबांची पंचाहत्तरी, सगळं ट्यूबलाइटखाली. आणि तिथे काडेपेटीतल्या माणसांच्या तोंडावर रवा सांडल्यासारखा दिसतो.

दुसरा हिशेब नाकाचा. काडेपेटीचं भिंग अतिशय रुंद दृश्य घेतं, त्यामुळे माणूस जरा मोठा दिसायला हवा असेल तर कॅमेरा त्याच्या नाकासमोर न्यावा लागतो. नाकाचा शेंडा आणि कान यांत सुमारे 12 सेंटिमीटर अंतर धरू. कॅमेरा नाकापासून 30 सेंटिमीटरवर असेल तर कान 42 वर पडतो. म्हणजे कानाच्या मानानं नाक 1.4 पट मोठं दिसणार. हेच आपण दोन मीटर मागे सरून काढलं, तर 212 भागिले 200, म्हणजे 1.06 पट, नाक नाकाइतकंच राहतं. तोफेला लांबची लेन्स लावून दोन मीटरवर उभं राहता येतं. देवानं आमच्या घराण्याला नाकाच्या बाबतीत आधीच सढळ हातानं दिलं आहे. त्यावर 40 टक्के व्याज आम्हाला परवडण्यासारखं नाही.

पण हे हिशेब झाले वरवरचे. उद्या एखादा हुशार इंजिनिअर चकती वाढवेल, नाक आवरेल. माझी खरी हरकत भाच्याच्या त्या शेवटच्या दोन वाक्यांना आहे. सगळंच येतं, नंतर कापायचं.

'नंतर' या शब्दाचा जमाखर्च मांडून पाहा. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओला सेकंदाला 100 मेगाबिट हा दर धरला, तर एका तासाला 45 गिगाबाइट होतात. सहा दिवसांची सहल, रोजचे दोन तास, म्हणजे 540 गिगाबाइट. ते साठवायला डबी विकत मिळते. पण ते पाहायला बारा तास लागतात, आणि ते विकत मिळत नाहीत. फोटोचा आल्बम चहा निवेपर्यंत पाहून होतो. काडेपेटीतली सहल पाहायला सहलीएवढाच वेळ लागतो. एकच आयुष्य दोनदा जगण्याइतकी रजा माझ्या खात्यावर शिल्लक नाही.

सगळंच टिपणारं यंत्र कसं असतं, हे बँकेतल्या माणसाला शिकवायला नको. आमच्या डोक्यावर ते चोवीस तास असतं. सीसीटीव्ही. कॅशियरनं नोटा मोजल्या, पेन्शनरानं छत्री विसरली, मी जांभई दिली, सगळं त्यात आहे. काहीच सुटत नाही. पण त्यातला एखादा फोटो कोणी फ्रेम करून घरी लावल्याचं ऐकलंय? ते चित्रण पाहायचं ते चोरी झाली तरच, आणि तेही पोलिसांनी. काडेपेटी म्हणजे आपण आपल्या सहलीला, बारशाला, आईवडिलांना लावलेला सीसीटीव्ही आहे. त्यात सगळं असतं, आणि 'हे मला आवडलं' असं कुठेच लिहिलेलं नसतं.

फोटो काढणं म्हणजे नकार देणं. समोर डोंगर आहे, बस आहे, वडेवाला आहे, आठ नातेवाईक आहेत. या सगळ्यांना 'थांबा' म्हणून त्यातल्या एकाच चेहऱ्याकडे पाहायचं, म्हणजे फोटो. तोफ हे करायला भाग पाडते. तिला काय दाखवायचं, कुठे उभं राहायचं, फोकस कोणावर ठेवायचा, हे आधी आपण ठरवावं लागतं. काडेपेटी तो त्रास वाचवते म्हणतात. मी म्हणतो, तो त्रास हेच तर प्रेम असतं. त्यातून वाचायचं कशाला?

इथे माझ्यावर एक उलटतपासणी होते, आणि ती चोख आहे. आमच्या माळ्यावर वडिलांचा आग्फा क्लिक थ्री आहे. साठ-सत्तरच्या दशकात अनेक मध्यमवर्गीय घरांत असे तोच काळा डबा. त्याची लेन्स निघत नाही, फोकस फिरत नाही. ऊन आहे की ढग, एवढंच तो विचारायचा. भाचा म्हणतो, "मामा, आजोबांचा कॅमेराही काडेपेटीच होता की!"

होता. पण त्या काडेपेटीत काड्या बारा होत्या. एका रोलमध्ये सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो, बस्स. त्यामुळे वडील नरसोबाच्या वाडीला गेले तरी खटका दाबण्याआधी आम्हाला तीनदा हलवून उभं करत, आईला पदर सारखा करायला लावत आणि स्वतः श्वास रोखून धरत. नकार द्यायचं काम त्या डब्याच्या वतीनं रोलची किंमत करत होती. आता रोल गेला, काटकसर गेली, आणि खटका दाबायला पैसे पडेनासे झाले. म्हणून तर आज नकार देणारं यंत्र हवं. उपवासाचा दिवस ठरलेला नसला की माणसाला फराळाचं ताट बरोबर घेऊन हिंडावं लागत नाही; तोंडच आवरावं लागतं.

याचा परिणाम काय होतो, ते आमच्याच घरातलं सांगतो. माझी थोरली मावशी गेली. तिचा मुलगा हौशी. त्यानं तिला चारधाम दाखवलं, कोकण दाखवलं, आणि प्रत्येक सहल काडेपेटीत भरून आणली. तेराव्याच्या आदल्या दिवशी भिंतीवर लावायला फोटो हवा, म्हणून आम्ही पाचजण संगणकासमोर बसलो. रात्री दीडपर्यंत पाहिलं. हिमालय होता, नदी होती, गाडीचं बॉनेट होतं. मावशी बहुतेक ठिकाणी कडेला होती आणि त्या रुंद भिंगात कडेची माणसं ताणली जातात, त्यामुळे जन्मभर शिडशिडीत असलेली बाई तिथे आडवी झाली होती. हेल्मेटवरून घेतलेल्या चित्रणात तिचा नुसता अंबाडा दिसत होता. एका ठिकाणी कॅमेरा डोंगराकडे आणि मागून फक्त तिचा आवाज. "अरे, ते बंद कर आणि आधी खाऊन घे."

आम्ही सगळेच गप्प झालो. तेवढा आवाज काडेपेटीनं दिला, हे तिचे उपकार मी नाकारणार नाही. पण आवाजाला चौकट बसत नाही.

शेवटी मावशीचा समोरून घेतलेला, डोळे दिसणारा एकच फोटो सापडला. तो पेन्शनच्या पासबुकावर होता. कोणा फोटोवाल्यानं तिला स्टुलावर बसवून "हनुवटी थोडी वर, आजी" म्हणून काढलेला. त्या अनोळखी माणसानं तिच्याकडे अर्धा मिनिट नीट पाहिलं होतं. आम्ही पाचजणांनी, तिनं वाढलेलं जेवून, दहा वर्षांत तेवढं पाहिलं नव्हतं, असं तो फोटो सांगत होता. फोटोच्या कोपऱ्यावर शाखेचा गोल शिक्का होता. मोठा करणाऱ्यानं शिक्का पुसायचा प्रयत्न केला, तर मावशीच्या लुगड्याचा काठही पुसला जाऊ लागला, म्हणून तो तसाच ठेवला. आज ती भिंतीवर आहे ती खांद्यावर गोल शिक्का घेऊन. जन्मभर बँकेत असूनही, शिक्क्याकडे पाहून मला कसंतरी झालं ते पहिल्यांदाच.

एवढं ऐकून कोणी तडक दुकानात जाऊन तीन लेन्स घेऊन आला, तर मात्र मी जबाबदार नाही. तोफवाल्यांचीही एक जात आहे, आणि ती काडेपेटीवाल्यांपेक्षा फार शहाणी आहे असा माझा दावा नाही. हिवाळ्यात भिगवणला जाऊन पाहा. उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी एका पायावर उभे, आणि होडीत तोफवाले एकमेकांच्या लेन्सकडे पाहत उभे. पक्ष्याची चोच राहते बाजूला, दोनशे की सहाशे यावरच चर्चा. पुढे पावसाळा आला की त्याच लेन्सवर आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी धरते, आणि हे गृहस्थ लोणच्याच्या बरणीसारखे त्यांना सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात मुरत ठेवतात.

माझा सल्ला वेगळा आहे आणि तो ऐकून दुकानदार मला चहा देत नाहीत. लेन्स बदलता येते असाच कॅमेरा घ्यावा, आणि लेन्स बदलू नये. धाकट्या चकतीची जुनी बॉडी चालेल, वापरलेली चालेल. तिच्यावर 50 मिलिमीटरची एक साधी लेन्स, जिचं तोंड 1.8 पर्यंत उघडतं. हिच्यातून अडीच मीटरवरून पाहिलं की जेमतेम चार फूट रुंदी दिसते. दहा बाय बाराच्या खोलीत पाठ कपाटाला टेकवून उभं राहावं लागतं, आणि समोर दोन माणसं मावतात. तिसरं मावत नाही. हीच तिची किंमत आहे. ती सारखी विचारत राहते, या दोघांतलं कोण? आणि उत्तर द्यायला आपल्याला मान वर करून माणसांकडे पाहावं लागतं.

घसाऱ्याच्या दृष्टीनंही, कॉमर्सचा पदवीधर म्हणून सांगतो, हाच व्यवहार बरा. काडेपेटीची नवी आवृत्ती दिवाळी अंकासारखी निघते. गोप्रोचा नववा अवतार 2020 साली आला, दहावा 2021, अकरावा 2022, बारावा 2023, तेरावा 2024. दशावतारांवर भागवणारे आपले विष्णू किती काटकसरी! उलट लेन्स ही सोन्याच्या पाटलीसारखी, बॉडी बदलली तरी राहते. निकॉननं 1959 साली जी कडी काढली, त्या कडीच्या बऱ्याच जुन्या लेन्स मध्ये एक अडॅप्टर घालून 2018 नंतरच्या नव्या बॉडीवरही चढतात. फोकस तेवढा हातानं फिरवावा लागतो. सासऱ्यांची लेन्स जावयाच्या कॅमेऱ्याला लागते, असं दुसरं कुठलं यंत्र आहे आपल्या घरात?

"पण तोफ जड पडते हो," असं म्हणणाऱ्यांना एक गंमत सांगतो. या तोफांचा मूळपुरुष म्हणजे लायका. ती काढणारे ऑस्कर बार्नाक दम्याचे रुग्ण होते. काचेच्या प्लेटांचे अवजड कॅमेरे वाहून त्यांना धाप लागे, म्हणून त्यांनी सिनेमाच्या फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा बनवला. 1925 साली लाइप्त्सिकच्या जत्रेत तो लोकांपुढे आला आणि 1930 मध्ये त्याच्या लेन्स बदलता येऊ लागल्या. म्हणजे आजची तोफ ही त्या काळची काडेपेटीच! बार्नाक यांनी ओझं कमी केलं, पाहण्याचं काम कमी केलं नाही. भांडण आकाराचं नाहीच मुळी.

आणि शेवटी शत्रुपक्षाकडूनच आलेला पुरावा. 2024 च्या त्या तेराव्या काडेपेटीला वेगवेगळी भिंगं बदलून लावायची सोय झाली. ज्यांनी वीस वर्षं 'निवडायची कटकटच नको' म्हणून माल विकला, ते आता कटकट सुटी विकायला लागले आहेत. खटला इथेच निकालात काढायला हरकत नाही.

तेव्हा वाचकहो, दुकानाची पायरी चढण्याआधी मेगापिक्सेल मोजत बसू नका. स्वतःला एवढंच विचारा, फोटो कोणाचा काढायचा आहे? 'सगळ्यांचा' असं उत्तर आलं तर काडेपेटी घ्या. आठवण म्हणून पुष्कळ डोंगर मिळतील. 'माझा' असं उत्तर आलं तर खर्च करू नका, मोबाइल आहेच. पण उत्तर म्हणून एखादं नाव ओठांवर आलं, आईचं, आजोबांचं, शेजारच्या काकूंचं, तर तोफ घ्या, आणि हप्ते फिटायची वाट न पाहता या रविवारीच त्यांना खिडकीपाशी बसवा. हनुवटी थोडी वर करायला सांगा. शिक्का मारायला बँक कायमच उघडी आहे.